सहा व्होल्टची खोड

अण्णांनी ताडपत्री ओढली तेव्हा आधी दोन पाली पळाल्या, मग खुडूक बसलेली कोंबडी कलकलाट करत बाहेर आली आणि सगळ्यात शेवटी गाडी दिसली.

"ही चालू करून दाखव," अण्णा म्हणाले. "मग वैजूचं बघू."

मी मुलीला मागणी घालायला आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. बैठकीत बसवतील, घराणं विचारतील, दुकान कसं चालतं ते विचारतील, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं एसटीत पाठ करून झाली होती. अण्णांनी पुडा घेतला, न उघडताच कोनाड्यात ठेवला आणि मला थेट परसातल्या छपरीत आणून उभं केलं.

गाडीची अवस्था बघवत नव्हती. दोन सायलेन्सरची, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली ती जुनी फटफटी. टाकीवरचं क्रोम गंजून उडालेलं, सीटच्या पोटात उंदरांनी संसार मांडलेला, वायरी कुरतडून लोंबत असलेल्या. हेडलाइटची काच तेवढी लख्ख होती. कोणीतरी ती रोज पुसत असावं असं वाटलं, पण मी त्याचा फार विचार केला नाही.

"कधीपासून बंद आहे?"

"गेल्या उसाच्या गळितापासनं."

"अण्णा, चालू काय, नवी करून देतो."

"नवी कुणी मागितली? हुती तशी कर."

आता मी कोण ते सांगतो. मी विरूपाक्ष शेटे. एवढं मोठं नाव कोणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून सगळे इरू म्हणतात. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं आणि त्या वयात माझं असं मत होतं की, जिल्ह्यातली वीज मला विचारल्याशिवाय वाहत नाही. वैजयंती मगदूम गडहिंग्लजच्या शाळेत शिकवायची. शाळेची विजेची घंटा बिघडली म्हणून ती घेऊन माझ्या दुकानात आली. घंटा तासाभराचं काम होती. मी तिला बरेच हेलपाटे घालायला लावले. शेवटी तीच म्हणाली, "घंटा दे आता. आणि बोलायचं असेल ते सरळ बोल."

मी बोललो. तिनं हो म्हटलं, पण लगेच पुढचंही सांगितलं. "अण्णा आलेलं प्रत्येक स्थळ परतवून लावतात. एकाचं नाक मोठं म्हणाले. दुसऱ्याचं गाव लांब म्हणाले."

"कुठलं गाव?"

"निपाणी."

गडहिंग्लजहून निपाणी येईपर्यंत एसटीत एक डुलकीसुद्धा पुरी होत नाही. मी हसायला लागलो, पण वैजू हसली नाही. "अण्णांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय मी घरातून निघणार नाही, इरू. हे पक्कं समज." एवढं बोलून ती चारच्या एसटीसाठी धावत सुटली. तिला संध्याकाळच्या आत घरी पोचायचंच असे. कितीही आग्रह करा, ती थांबायची नाही.

तर अशी माझी सोयरीक त्या गंजक्या गाडीला टांगली गेली.

दर रविवारी पहिल्या एसटीनं मी हत्यारांची पिशवी घेऊन गडहिंग्लजला जायला लागलो. इंजिन उघडलं, कार्बोरेटर उकळून धुतला, टाकी घासून मरून रंग दिला. वैजू पालथ्या पिंपावर बसून मुलांच्या वह्या तपासायची आणि अधूनमधून मला शेरे मारायची. "हस्ताक्षर सुधारा" हा शेरा तिनं माझ्या पहिल्या सोल्डरिंगला दिला होता.

तिची आई, नीलव्वा मावशी, चहा आणून द्यायच्या. मावशींना लहानपणी ताप आला होता, तेव्हापासून काहीच ऐकू येत नव्हतं. घरातल्यांची आपसातली खुणांची भाषा होती. ती इतकी भरभर चालायची की मला कधीकधी वाटे, या घरात बहिरा मीच आहे. मावशींचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला होतं. खिडकीसमोरच्या भिंतीवर स्टीलच्या भांड्यांची मांडणी होती. तिच्यावरची ताटं त्या अशी घासायच्या की त्यात तोंड दिसावं. मांडणीखाली खिळ्यांना तीन कप टांगलेले असत, अण्णांचा, त्यांचा आणि वैजूचा. शेजारच्या खिळ्याला चहाची गाळणी. पाहुण्यांसाठी फुलाफुलांचे वेगळे कप होते. ते ट्रेमधून यायचे आणि धुऊन परत कपाटात जायचे. मला दर वेळी फुलाफुलांचा कप मिळायचा.

गाडी बंद का पडली तेही कळलं. अण्णा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. गळिताच्या दिवसांत गावोगावचे ऊस बघत फिरायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. मागच्या हंगामात पुढं चाललेली उसाची बैलगाडी त्यांना दिसलीच नाही. पाय मोडला. तेव्हापासून कारखान्याची जीप त्यांना रस्त्यावर सोडून जात होती. पाय अजून नीट वळत नव्हता.

वायरिंगची वेळ आली तेव्हा मला चेव चढला. तोच तर माझा प्रांत.

"अण्णा, सहा व्होल्टवर हा हेडलाइट म्हणजे काजवा आहे. मूठ पिळली की उजेड, सोडली की अंधार. सगळं काढून टाकू. बारा व्होल्टचं मॅग्नेट बसवतो, नवं इग्निशन, नवी बॅटरी, रेग्युलेटर. गाडी उभी असो नाहीतर पळत असो, उजेड एकसारखा."

"एकसारखा?"

"एकसारखा. सूतभर हलणार नाही."

अण्णांनी मान खाजवली. "जुनंच वायरिंग नव्या वायरीनं केलं तर?"

"त्याच उजेडात बैलगाडीवर आदळलात ना?"

अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग दारात उभ्या असलेल्या मावशींकडं पाहिलं, खिशातली तंबाखूची डबी काढली, पुन्हा ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते. "तुला कळतंय तसं कर," एवढं बोलून ते कसल्याशा कामाचं निमित्त काढून निघून गेले. पन्नाशी उलटलेला, मिशा राखलेला माणूस बल्बच्या विषयावर लाजल्यासारखा का दिसावा, हे मला समजलं नाही. मी समजून घ्यायच्या फंदातही पडलो नाही. मला रेग्युलेटर बसवायचा होता.

काम पुरं झालं त्या रविवारी मावशी पदराला हात पुसत छपरीत आल्या. मी रुबाबात किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली आणि समोरच्या भिंतीवर असा पांढराशुभ्र उजेड पडला की कोंबड्या उठून बसल्या. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मग पुढं होऊन त्यांनी हेडलाइटच्या काचेवरून हात फिरवला, माझ्याकडं वळल्या आणि मूठ हळूच उघडून मिटून दाखवली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग हँडलच्या मुठीकडं बोट केलं.

"विचारतीय, उजेड कमीजास्त होतो का," वैजू म्हणाली.

"नाही, मावशी! आता अजिबात नाही!" मी जोरजोरात मान हलवली आणि मूठ पिळून इंजिन किंचाळवून दाखवलं. उजेड तसूभर हलला नाही.

मावशींनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा मागचा दिवा बघण्यात फार गुंतले होते. मावशी काही न बोलता, म्हणजे हात न हलवता, आत गेल्या.

दुपारी अण्णांनी पांढरा सदरा घातला. "मी कारखान्यापत्तोर जाऊन येतो. दिवस मावळल्यावर परत येणार. तुमी दोघं समोरच्या चौगुल्यांच्या कट्ट्यावर बसा. काय बी झालं तरी दार उघडायला जायचं न्हाई. वैजूच्या आईनं आपलं आपण उघडलं पायजे."

"एवढंच?" मी म्हणालो. मला वाटलं होतं, घाटात नेऊन बघतील.

"एवढंच. जमलं तर तुजं आन् वैजूचं जमलं म्हण."

अण्णा गेले. वैजूचा चेहरा उतरला होता. कट्ट्यावर बसल्यावर ती म्हणाली, "ही गाडीची परीक्षा नाही, इरू. माझ्यावाचून घर चालतंय का, ते बघतायत."

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. घर गावाच्या कडेला, उसाच्या रस्त्यावर. मागून कोणी आलं तर कळत नाही म्हणून आई दिवेलागणीला दाराला अडसर घालते. गाडी होती तोवर अण्णा आले की आई आपोआप दार उघडायची. "लहानपणी मला वाटायचं, गाडीचा हादरा तिला पायाखाली कळतो. मैत्रिणींना सांगायचे मी, माझी आई जमिनीतून ऐकते म्हणून." गाडी बंद पडल्यापासून मात्र दार वैजूच उघडत होती. एकदा ती शाळेच्या सहलीबरोबर मुक्कामी गेली आणि अण्णा थंडीत पायरीवर बसून राहिले. दार वाजवून उपयोग नाही. खिडकीत गेले तर अंधारात माणूस दिसला म्हणून मावशी घाबरून कोसळल्या. शेवटी शेजारीण मागच्या परड्यातून आत शिरली.

"म्हणून निपाणी लांब," मी म्हणालो.

"म्हणून निपाणी लांब."

दिवस मावळला. रोजच्यासारखी वीज गेली. मावशींच्या खिडकीत कंदील दिसायला लागला. गळिताचे दिवस, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक चाललेले. वळणावर प्रत्येकजण डिपर मारायचा आणि त्याचा झोत त्या खिडकीवरून सर्रकन पुसून जायचा. मग आमच्या गाडीचा आवाज आला. पांढरा, सरळ, एकसारखा उजेड वळणावर येऊन थांबला. माझी छाती फुगली. असा उजेड त्या रस्त्यावर कोणत्याच मोटारसायकलला नव्हता.

अण्णांनी गाडी उभी ठेवून मूठ पिळली. सोडली. पुन्हा पिळली. इंजिन वरखाली ओरडत होतं, कट्ट्याचा दगडसुद्धा थरथरत होता.

दार उघडलं नाही.

"कळेल तिला," वैजू पुटपुटली. "हादरा तर बसतोय."

अण्णांनी डिपर मारून पाहिला. पुन्हा मूठ पिळली. आत कंदिलाच्या उजेडात मावशींची सावली इकडून तिकडं गेली, पण दाराकडं आली नाही. शेवटी अण्णांनी गाडी बंद केली, लंगडत पायरीपर्यंत गेले आणि खाली बसले. आम्ही रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेलो.

"बगितलंस?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "पोरगा चांगला हाईस तू. पन ही गेल्यावर दार कोण उघडनार, सांग."

"मी बसवतो ना काहीतरी. दाराला बटण, आत दिवा."

"सांजंला लाइट असती व्हय हिकडं?"

त्या क्षणी मला अण्णांचा राग आला, गाडीचा आला आणि सगळ्यात जास्त त्या महावितरणाच्या बापजाद्यांचा आला. वैजूला गमावतोय हे मला कळत होतं आणि हातात पान्ह्यापलीकडं काही नव्हतं.

वैजूनं डोळे पुसले, शेजारच्या परड्यातून भिंतीवर चढली आणि मागच्या दारानं आत गेली. थोड्या वेळानं अडसर सरकला. दारात मावशी उभ्या होत्या, हातात बॅटरी. त्यांनी पायरीवर बसलेले अण्णा पाहिले, गाडी पाहिली, माझं तोंड पाहिलं. मग त्या तरातरा माझ्याकडं आल्या, माझा दंड धरला आणि मला गाडीच्या हेडलाइटसमोर उभं केलं.

त्यांनी बॅटरी पेटवली आणि तिच्यावर तळवा ठेवला. उजेड झाकला गेला. तळवा हळूहळू उचलला, उजेड वाढला. पुन्हा हळूहळू ठेवला, उजेड मंदावला. असं करत त्यांनी अण्णांकडं बोट दाखवलं. नंतर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बोट केलं, बॅटरी झटकन लावून विझवली आणि नाही अशी मान हलवली.

मी अण्णांकडं वळलो. त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या जुन्या काजव्यानं तुम्ही मावशींना हाक मारत होता?"

"हाक कसली," अण्णा मिशीत बोलले. "लगीन झाल्यापासनं सवय हाय. वळनावर आलो की मूठ पिळायची. ताटावर उजेड चढला-उतरला की तिला कळतंय, मी हाय म्हणून. दुसऱ्या कुनाची गाडी तशी करत न्हाई."

"मग मला सांगायचं ना!"

"काय सांगू? हुती तशी कर म्हनलं की. ह्यापरीस जास्त जावयाला कोण सांगतंय?"

जावयाला. तो शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता. मी तो पकडून ठेवला आणि पिशवी उघडली.

खरं म्हणजे काम अवघड नव्हतं. हेडलाइटची वायर रेग्युलेटरला वगळून थेट कॉइलला जोडली की उजेड इंजिनाबरोबर चढतो आणि उतरतो. जी खोड घालवायला मी इतके रविवार घासले होते, ती मला पुन्हा बसवायची होती. पण बैलगाडीही दिसायला हवी होती. पिशवीत एक पितळी दुहेरी बटण सापडलं. ते हँडलखाली बसवलं. वर केलं की माझे बारा व्होल्ट, खाली केलं की अण्णांचे सहा. मावशींनी माझ्यासाठी बॅटरी धरली आणि वैजूनं टेप फाडून दिली. उजेड कसा आणि किती सावकाश चढायला हवा ते मावशी मधूनमधून तळव्यानं दाखवत होत्या. माझ्या कामावर आजवर इतकी कडक देखरेख कोणी केलेली नाही.

"फार जोरात पिळू नका," मी अण्णांना म्हणालो. "बल्ब उडेल."

"तुज्या जल्माच्या आदीपासनं पिळतोय मी. मला शिकवू नगंस."

अण्णा गाडी घेऊन लांब गेले. मावशींनी आम्हा दोघांना आत ओढलं, दाराला अडसर घातला आणि काहीच घडलं नाही अशा थाटात चुलीपुढं पीठ मळायला बसल्या. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. एक ट्रॅक्टर गेला. मांडणीवरची ताटं लखकन चमकली आणि विझली. मावशींनी मानही वर केली नाही. दुसरा गेला. वैजूनं माझं मनगट घट्ट धरलं.

मग ताटं सावकाश उजळली. चुलीवर फुंकर घातली की निखारे फुलतात, तशी. मंदावली. पुन्हा फुलली.

मावशी उठल्या. पिठाचे हात धुतले. भिंतीवरच्या आरशापुढं थांबून त्यांनी केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि मग दाराकडं गेल्या. त्यांना घाई नव्हती, कारण बाहेर कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं. वैजू आयुष्यभर त्या घरात राहिली होती, पण तिनं हे आज पहिल्यांदा पाहिलं. तिला हुंदका फुटला आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे भरून आले.

अण्णा आत आले, टोपी काढली, आमच्याकडं बघितलं नाही. "उजेड बरा हाय," एवढंच म्हणाले.

चहा झाला. कोणी ट्रे काढला नाही. मावशींनी कपाटातून फुलं नसलेला, साधा पांढरा कप काढला आणि त्यात मला चहा दिला. पिऊन झाल्यावर चारही कप विसळले. तीन आपापल्या खिळ्यांना टांगले. चौथा हातात घेऊन त्या क्षणभर भिंतीकडं बघत राहिल्या. मग चहाची गाळणी खिळ्यावरून काढून फळीवर टाकली आणि तिथं माझा कप टांगला.

अण्णांनी ते पाहिलं. खाकरले.

"पुढच्या बारीला येताना पेढे आन," ते म्हणाले. "पैले मुंग्यांनी खाल्ले."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वैजूचं आणि माझं घर कोल्हापुरात आहे, पण तो कप अजून गडहिंग्लजला त्याच खिळ्यावर असतो. गाळणीला मात्र त्या घरात कायमची जागा मिळाली नाही. चहा करायचा म्हटलं की आधी सगळे ती शोधत फिरतात.